कंट्री रॉकच्या टोनमागची स्टील गिटार

कंट्री रॉक, म्हणजे अमेरिकी कंट्री संगीत आणि रॉक यांचा मिलाफ, वाजवायचं ठरवलं की बहुतेकांच्या हातात एकच यादी येते: टेलिकास्टर, फेंडरचा अ‍ॅम्प, एक कॉम्प्रेसर. यादी बरोबर आहे. पण ती बरोबर का आहे हे उमगलं नाही, तर तिन्ही वस्तू जमवूनही आवाज लागत नाही. माझ्या मते या सगळ्या सामानामागे एकच वाद्य उभं आहे: आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडी फिरवत वाजवायची स्टील गिटार. तिचा लांबणारा सूर आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणारी मींड उभ्या गिटारवर यावी, यासाठी वीस-पंचवीस वर्षं जी धडपड झाली, तिचं फळ म्हणजे हा टोन.

सुरुवात गिटारपासूनच करू. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे 1938 साली त्याने दुकान टाकलं. पुढे डॉक कॉफमन या भागीदाराबरोबर 1945 च्या सुमारास त्याने ‘के अँड एफ’ नावाने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि त्यांच्यासाठी अ‍ॅम्प बनवायला घेतले. म्हणजे भरीव लाकडाची उभी गिटार करायला बसला तेव्हा त्याच्या कानात आधीच स्टीलचा आवाज होता. 1950 मध्ये एस्क्वायर आली, मग दोन पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम बाजारात होते, तिने हरकत घेतली आणि 1951 मध्ये नाव बदलून टेलिकास्टर झालं. मधल्या काळातल्या गिटारींवर नुसतं ‘फेंडर’ लिहिलेलं आहे. संग्राहक त्यांना नोकास्टर म्हणतात.

टेलिकास्टरचा ब्रिजकडचा, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात तिथला, पिकअप फेंडरच्याच चॅम्पियन या लॅप स्टीलच्या पिकअपवरून आलेला आहे. तो थेट पोलादी ब्रिजपट्टीत तिरका बसवलेला असतो. बारीक तारांकडचं टोक ब्रिजच्या जवळ, त्यामुळे वरचे सूर धारदार. जाड तारांकडचं टोक जरा लांब, म्हणून खर्ज थोडा भरलेला. पट्टी पोलादाची असल्याने तिचाही चुंबकीय क्षेत्रावर परिणाम होतो. गिटार निवडताना लोक लाकडाबद्दल तासन् तास बोलतात. मी आधी ही पट्टी आणि त्यातला पिकअप बघतो. नेमका आवाज तिथे ठरतो.

या धारदार आवाजाला गिऱ्हाईक मिळालं ते कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफील्ड शहरात. 1930 च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा इथली कुटुंबं उठली आणि कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात कापूस वेचायला, तेलाच्या विहिरींवर राबायला आली. संगीत त्यांच्याबरोबर आलं. शनिवारी रात्री गच्च भरलेल्या दारूच्या गुत्त्यात, नाचणाऱ्या पायांच्या आणि ड्रमच्या आवाजातून वाट काढायची तर गोड, मऊ गिटार चालत नाही. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये 1950 च्या दशकाच्या शेवटापासून चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांच्यासारखे निर्माते व्हायोलिनचे ताफे आणि कोरस घालून कंट्रीला गुळगुळीत करत होते. इकडे गायक बक ओवेन्स आणि त्याचा साथीदार डॉन रिच टेलिकास्टर घेऊन उभे होते, शेजारी टॉम ब्रम्लीची पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलने तारांचा सूर बदलता येणारी स्टील गिटार. गिटार आणि स्टील यांचा तो जवळचा संसार पुढे कंट्री रॉकने जसाच्या तसा उचलला.

स्टीलमध्येही तोवर मोठा बदल झाला होता. 1954 मध्ये गायक वेब पिअर्सच्या एका गाजलेल्या गाण्यात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबलं. कॉर्डमधले काही स्वर जागचे हलले नाहीत, बाकीचे मात्र सरकून वर गेले. ऐकणाऱ्या प्रत्येक गिटारवादकाला ते आपल्या वाद्यावर हवंसं झालं.

अडचण तारांची होती. तेव्हाचे गिटारच्या तारांचे संच जाड, तिसरी तार तर गुंडाळलेली. ती एका बोटाने खेचून पूर्ण स्वर वर न्यायची म्हणजे बोटांचा बळी. लुइझियानाच्या जेम्स बर्टनने बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या. 1957 मध्ये डेल हॉकिन्सच्या ‘सूझी क्यू’मध्ये त्याची गिटार वाजली तेव्हा तो अजून विशीतही आला नव्हता. एक तार स्थिर धरून शेजारची खेचायची आणि पिकबरोबर उजव्या हाताची बोटंही वापरून तार चिमटीत धरून सोडायची, हा हात त्याने रूढ केला. तार सुटताना कोंबडी कुक् करावी तसा आवाज येतो, म्हणून त्याला चिकन पिकिन म्हणतात. आज 9 किंवा 10 च्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या इतक्या हजारांश जाडीची) तारांचा संच सहज मिळतो. कंट्री रॉकसाठी माझी पसंती 10 ला, कारण चिमटीतून सुटलेली तार फार पातळ असेल तर आवाज कागदी होतो.

मग 1968 उजाडलं. बर्ड्स हा लॉस एंजेलिसचा रॉक बँड. त्यात ग्रॅम पार्सन्स आला आणि बँड थेट नॅशव्हिलला जाऊन ध्वनिमुद्रण करू लागला; मार्चमध्ये ते ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या नामांकित कार्यक्रमाच्या मंचावरही वाजवून आले. ऑगस्टमध्ये ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा अल्बम निघाला, स्टीलवर लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस. त्याच्या ध्वनिमुद्रणात गिटार वाजवणारा क्लॅरेन्स व्हाइट त्याच वर्षी बँडमध्ये दाखल झाला, ड्रमवादक जीन पार्सन्सही. (ग्रॅम आणि जीन यांचं आडनाव एक, नातं काही नाही.)

क्लॅरेन्स ब्लूग्रास या जलद, अकूस्टिक लोकसंगीतातून आलेला, अकूस्टिकवर बिजलीसारखा हात. टेलिकास्टरवर त्याला स्टीलची मींड हवी होती. डावा हात फ्रेटवर गुंतलेला असताना नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, पलीकडून तार ओढायला दुसरा हात कुठून आणायचा? एकदा त्याने जीनलाच ती ओढायला लावली. जीन यंत्रकामात तरबेज. त्याने गिटारमध्ये पेडल स्टीलच्या धर्तीची तरफ बसवली. पट्टा जिथे अडकतो ती खांद्याकडची गुंडी तरफेला जोडली. गिटारची मान खाली दाबली की पट्टा गुंडीला वर खेचतो, आतला दांडा मागे जातो आणि दुसरी, म्हणजे बी तार, पूर्ण एक स्वर वर चढते. मान सोडली की स्प्रिंग तिला परत आणते. ए मेजर वाजवताना ही तार मोकळी सोडा: ए ला षड्ज धरलं तर बी म्हणजे ऋषभ. खांदा दाबा, ऋषभ सरकत शुद्ध गंधारावर जाऊन बसतो आणि बाकीचा कॉर्ड तसाच निनादत राहतो. डोळे मिटून ऐकलं तर पेडल स्टीलच वाटते. या यंत्रणेला बी बेंडर म्हणतात. पुढे बर्नी लेडनने ती ईगल्स या बँडमध्ये नेली आणि 1972 पासून ती घरोघरच्या रेडिओवर पोचली. बेंडर नसलेल्या गिटारवर हीच वाक्यं बोटांनी खेचून वाजवता येतात. फक्त खेच कुठल्या स्वरावर थांबते ते आधी गाऊन बघावं.

अ‍ॅम्पचं गणितही याच खेचीतून सुटतं. दोन स्वर एकत्र वाजत असताना त्यातला एक खेचला आणि अ‍ॅम्प फाटत असेल, तर दोघांच्या मिश्रणातून नको ते स्वर तयार होतात आणि मींड चिखलात जाते. म्हणून भरपूर स्वच्छ ताकद लागते. 1963 मध्ये फेंडरचे काळ्या पॅनेलचे अ‍ॅम्प आले. ट्विन रिव्हर्ब 85 वॉटचा, 12 इंची दोन स्पीकर. डीलक्स रिव्हर्ब 22 वॉटचा, एकच स्पीकर. दोन्हींत मधले सूर जरा आत ओढलेले आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब अंगातच. ट्विन कधी फाटत नाही, म्हणून स्टीलवादकांचाही लाडका. पण उचलताना कंबर मोडते आणि छोट्या जागेत त्याला दोनच्या वर नेता येत नाही. बहुतेकांना डीलक्स पुरतो. आवाज अर्ध्यापर्यंत नेला की काठावर किंचित खरखर येते आणि पिक हलका लावला की पुन्हा स्वच्छ होतो. खरेदीत पहिला पैसा अ‍ॅम्पवर घालावा, गिटार दुसरी, पेडल शेवटी.

याच्या उलट दिशेला गायक-गिटारवादक नील यंग आहे: गिब्सनची लेस पॉल, आणि 1950 च्या दशकातला, ट्वीड कापड चढवलेला छोटा फेंडर डीलक्स, पार फाटेपर्यंत वाढवलेला. तोही कंट्री रॉकच. त्याच माणसाने 1971 मध्ये नॅशव्हिलला बेन कीथच्या स्टीलबरोबर अगदी शांतपणे वाजवलं आहे. तुम्हाला यातली कुठली वाट धरायची ते आधी ठरलं तर निम्मा गोंधळ मिटतो.

पेडलांत फझचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचा, जन्म मला सगळ्यात विलक्षण वाटतो. हे रॉकचं अपत्य समजतात, पण ते जन्मलं कंट्रीच्या घरात. कंट्री गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यासाठी नॅशव्हिलमध्ये ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि मिक्सिंग डेस्कमधला एक भाग बिघडून आवाज गुरगुरू लागला. तो तुकडा तसाच ठेवला. 1961 मध्ये गाणं गाजलं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने तो बिघाड ट्रान्झिस्टरने मुद्दाम घडवून आणला आणि 1962 मध्ये गिब्सनने मॅस्ट्रो फझ टोन बाजारात आणला. पुढे फ्लाइंग बरीटो ब्रदर्स या कंट्री रॉक बँडमध्ये स्नीकी पीट क्लाइनाऊने फझ थेट पेडल स्टीललाच लावला आणि ती करवतीसारखी गर्जू लागली.

कॉम्प्रेसर आधी स्टुडिओत होता. बर्ड्सच्या रॉजर मॅगिनची बारा तारांची रिकनबॅकर 1965 मध्ये अशी अखंड घंटेसारखी वाजते ती त्यामुळेच. 1970 च्या दशकात एमएक्सआर डायना कॉम्प आणि ऑरेंज स्क्वीझर आले आणि तीच गोष्ट पायाखाली आली. तारेचा पहिला ठोका दाबायचा, शेपटी वर उचलायची: टेलिकास्टरचा चटकन विरणारा सूर स्टीलसारखा लांबतो. ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं पेडल) असेल तर कॉम्प्रेसर त्याच्या आधी ठेवा. बेताने फिरवा, कारण शेपटीबरोबर टेलिकास्टरच्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुणही वर येते. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने दोन टेप मशिनांवर घडवलेला एकच झटपट प्रतिध्वनी आज साध्या डीले पेडलमध्ये मिळतो. व्हॉल्यूम पेडल तर स्टीलवादकांचं जुनंच. त्याने ठोका लपवला की सूर हवेतून उमलल्यासारखा येतो.

क्लॅरेन्स व्हाइट 1973 च्या जुलैत पामडेलमध्ये वाद्यं गाडीत भरत असताना दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली सापडून गेला. वय 29. त्याची ती 1954 ची टेलिकास्टर 1980 मध्ये त्याच्या पत्नीकडून कंट्री वादक-गायक मार्टी स्टुअर्टने घेतली. यंत्रणा मावावी म्हणून तिच्या पाठीला लाकडाचा जादा थर लावलेला आहे, त्यामुळे ती साध्या टेलिकास्टरहून जाड दिसते. स्टुअर्टने ती काचेच्या कपाटात न ठेवता मंचावर नेली, आणि त्याने मान खाली दाबली की बी तार अजून त्याच स्वरावर चढते.