मिटल्या तोंडाचा सा

ग्वाल्हेरच्या जानेवारीत कानाला दडे बसणं ही काही बातमी नव्हे. दिवस धुक्यातच उजाडतो, घरोघरी नाकं वाहत असतात आणि लश्कर भागातल्या आमच्या घरात कुणाचा ना कुणाचा कान गच्च झालेला असतोच. त्यामुळे एका सकाळी काका उठले आणि म्हणाले, "उजवा कान पार बसलाय, आत शिट्टी वाजतेय," तेव्हा काकूंनी लसणीचं तेल कोमट केलं. शेजारणीनं वाफ घ्यायला सांगितली. एका दवाखान्यातून सर्दीच्या गोळ्या आल्या. असे आठ दिवस गेले.

काका रोज तंबोरा घेऊन बसणारे. नवव्या दिवशी ते सहज बोलले, "अगं, तोंड मिटून सा लावला की तो नुसता डावीकडेच वाजतो." ते ऐकून माझ्या पोटात धस्स झालं.

तुम्हीही करून पाहा. एका कानात बोट घाला, ओठ मिटा आणि लांब हुंकार भरा. आवाज बोट घातलेल्या कानातच मोठा येतो. आपला सूर कवटीच्या हाडांतून दोन्ही आंतरकर्णांपर्यंत पोचत असतो. बाहेरची वाट बंद असली की तो तिथून निसटत नाही आणि बाहेरचा गलकाही त्याला झाकत नाही. मळ साचला किंवा सर्दीनं मध्यकर्ण भरला, तरी सूर असाच बंद कानाकडे ओढला जातो. तो चांगल्या कानाकडे पळाला तर मात्र बिघाड वाटेत नसून आंतरकर्णात किंवा नसेत असण्याची शक्यता मोठी. कान-नाक-घसा तज्ज्ञ ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा कपाळावर टेकवून हेच पाहतात. घरचा हुंकार म्हणजे फक्त सुगावा. निकाल ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणीच देते, आणि हुंकार काहीही सांगो, एक कान अचानक बसला तर तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

कारण आंतरकर्णाचं ऐकणं तीन दिवसांच्या आत अचानक घटलं, तर ती तातडीची बाब मानतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. स्टिरॉइडचा उपयोग झालाच तर पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितका जास्त. आमचे आठ दिवस तेलात आणि वाफेत गेले, याची रुखरुख मला आजही आहे. काकांचे खालचे सूर बरेचसे परत आले. वरचे आले नाहीत, आणि शिट्टी राहिली.

ही शिट्टी येते कुठून? आंतरकर्णातल्या शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. तोंडाशी तार स्वर टिपणाऱ्या, टोकाशी खर्ज टिपणाऱ्या. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. एखाद्या पट्ट्यातून आवाज यायचा थांबला की मेंदू तिथली संवेदनशीलता वाढवतो, आणि नसांची एरवी न जाणवणारी कुजबुज सूर होऊन ऐकू येऊ लागते, असं आजचं आकलन आहे. म्हणूनच श्रवणाची नस कापल्यावरही काही रुग्णांची शिट्टी थांबलेली नाही. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ साली चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना निःशब्द खोलीत बसवलं, तर जवळजवळ सगळ्यांनाच काही ना काही ऐकू आलं!

म्हणजे कान वाजणाऱ्या माणसासाठी शांतता हे औषध नव्हे. काका सुरुवातीला दारं-खिडक्या लावून पडत आणि आवाज आणखी चढे. मोजला तर हा आवाज बहुतेकदा ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा काही डेसिबलच वर असतो. मोठी असते ती भीती. भीतीमुळे लक्ष तिकडेच लागतं आणि लक्ष लागलं की आवाज वाढतो. हे चक्र सैल करण्यासाठी वर्तनोपचाराला (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे उपचार, सीबीटी) सर्वांत भक्कम पुरावा आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचाही आधार होतो, कारण हरवलेले सूर मेंदूला परत मिळतात. शिट्टी बंद करणारी सिद्ध झालेली गोळी आज नाही. जाहिरातींवर पैसे घालवू नका, हे मी हात जोडून सांगते.

आवाज नाडीच्या ठोक्यासोबत धडधडत असेल, एकाच कानात असेल, किंवा सोबत गरगरत असेल, तर घरी थांबू नये. नवीन औषध सुरू झाल्यावर कान वाजू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावं. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन केसपेशींना इजा करू शकतात. आणि वरातीतला डीजे! ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं.

काकांच्या उजव्या कानात आता यंत्र आहे. तंबोरा ते डाव्या खांद्याला घेतात. तारा जुळल्या की शिट्टी त्यांत कुठेतरी मिसळून जाते म्हणतात. तंबोरा गवसणीत गेला की परत येते. रात्री त्यांच्या खोलीत भर थंडीतही टेबलफॅन चालू असतो, भिंतीकडे तोंड करून.