वार्तांकनाचे अनुदान आणि संस्थेचे लेखनकाम
बेटावर जाण्यासाठी फंडिंग मिळाले, असे एखादा मुक्त पत्रकार सांगतो, तेव्हा मी रकमेआधी एवढेच विचारतो की छापण्यापूर्वी मजकूर कोण वाचणार आहे. वार्तांकनाचे अनुदान आणि संवर्धन संस्थेने दिलेले लेखनकाम या दोहोंना सरसकट ‘फंडिंग’ म्हणण्याची सवय मुरलेल्या संपादकांनाही जडली आहे, आणि ती मला मुळीच मान्य नाही.

लेखनकाम सर्वांच्या परिचयाचे आहे. संस्थेला अहवाल किंवा यशोगाथा हवी असते, मुदत आणि मोबदला ठरलेला असतो. ते प्रामाणिक काम आहे. हप्ते, पावत्या आणि हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखेच असतात.

खरा फरक शेवटचा शब्द कोणाचा, हा आहे. पुलित्झर सेंटर किंवा इंटरन्यूजचे अर्थ जर्नलिझम नेटवर्क यांसारखे अनुदान देणारे विषय आणि खर्चाचा अंदाज पाहून पैसे देतात. बातमीत काय निघावे, हे ठरवत नाहीत. अंदमान-निकोबारमधील ग्रेट निकोबार बेटाचे उदाहरण घ्या. गॅलाथिया उपसागरातील नियोजित बंदर आणि त्याला जोडलेल्या नगरासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवले जाणार आहे, आणि त्याच किनाऱ्यावर लेदरबॅक कासवे अंडी घालतात. २००४ च्या त्सुनामीनंतर विस्थापित झालेल्या निकोबारी लोकांना आपल्या जुन्या गावी परतायचे आहे. १९६९ पासून वसवलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांत महाराष्ट्रातलीही आहेत. समजा, त्यांच्यापैकी कोणी म्हणाले की बंदर झाले तर मुलाला बेटावरच काम मिळेल. अनुदानावर गेलेला पत्रकार हे वाक्य कासवांच्या माहितीशेजारी लिहील आणि ते ठेवायचे की नाही, हे त्याचा संपादक ठरवील. कासव वाचवण्याच्या मोहिमेसाठी लिहिणाऱ्याच्या मजकुरातून ते वाक्य बहुधा गळेल, आणि मोहिमेच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. मात्र असा मजकूर बातमी म्हणून छापला, तर त्या कुटुंबाचे म्हणणे कोणाही वाचकापर्यंत पोहोचत नाही.

बेटांवर अनुदान आणि लेखनकाम यांची ही सरमिसळ अधिक होते, कारण तिथे जाण्याची वाटच मोजक्यांच्या हाती असते. कोकणात संस्थेची जीप नाकारून एसटीने गावात उतरता येते. लक्षद्वीपला मात्र प्रवेशाचा परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा विमान धरावे लागते, आणि पुढे प्रवाळापर्यंत नेणारी होडी अनेकदा संशोधकांची किंवा संस्थेचीच असते. म्हणून अनुदानाच्या अर्जात भाड्याच्या होडीचा खर्च आणि हवामानामुळे अडकून पडण्याचे चार दिवस मी आग्रहाने लिहायला लावतो. दुसऱ्याच्या होडीत बसलोच, तर ते बातमीत नमूद करावे.

पैसा परदेशातून येणार असेल, तर दोन्ही प्रकारांत २०१० चा परकीय अंशदान कायदा पाहावा. त्याचे कलम ३ नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहराला आणि स्तंभलेखकाला परकीय अंशदान घेण्यास मनाई करते. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

मला दाखवलेल्या एका करारावर ठळक अक्षरांत ‘पत्रकारिता अनुदान’ असे लिहिले होते, आणि तिसऱ्या पानावर ‘अंतिम मजकुरास संस्थेची लेखी मान्यता आवश्यक’ असे कलम होते. ते कलम काढून घ्यावे. निघत नसेल, तर मोबदला लेखनकामाच्या दराने मागावा आणि तो मजकूर संस्थेच्याच नावाने प्रसिद्ध होऊ द्यावा.