लँकेशायरचा कापूस-दुष्काळ (१८६१–६५)

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील कापड गिरण्या बंद पडल्या आणि १८६२ च्या अखेरीस जवळपास पाच लाख माणसे मदतीवर जगू लागली. ब्रिटनला लागणारा सुमारे ८० टक्के कापूस अमेरिकेतून येत असे. त्यातच १८५९-६० मध्ये गरजेपेक्षा जास्त कापड विणून गोदामे भरलेली होती, म्हणून काही मालकांनी टंचाई जाणवण्याआधीच काम कमी केले होते.

गरिबांच्या मदतीचा १८३४ चा कायदा अशा संकटासाठी केलेलाच नव्हता. धडधाकट माणूस बेकार असेल तर तो आळशी, हे त्याचे गृहीतक. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी कमावणाऱ्या मजुरापेक्षा वाईटच असावी, असा दंडक होता. वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहात, एवढी माणसे मावणे शक्य नव्हते, म्हणून घरी राहणाऱ्यांना मदत मिळे. पण त्याआधी गाठीचे सगळे संपलेले असावे लागे. बचत बँकेतील पैसे, सहकारी दुकानातील भाग, मग घरातले सामान, शेवटी अंथरूण-पांघरूणही गहाण. ज्याने काटकसर केली त्याला मदत सर्वांत उशिरा मिळे, हा या व्यवस्थेचा मोठाच अन्याय होता.

मदतीच्या बदल्यात पुरुषांना खडी फोडावी लागे किंवा जुने दोर पिंजावे लागत. तलम सूत हाताळणाऱ्या कामगारांची बोटे त्यात सोलवटून निघत. विरोध वाढला तेव्हा देणगीतून चालणाऱ्या मदत समित्यांनी स्त्रियांसाठी शिवणवर्ग आणि पुरुषांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले. वर्गातील हजेरी हेच मदतीच्या बदल्यातले काम मानले गेले. मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिज येथे रोख रकमेऐवजी दुकानाची तिकिटे देण्याचे ठरताच दंगल उसळली आणि घोडदळ बोलवावे लागले. स्वतःच्या कमाईवर संसार केलेल्यांना आपण काय विकत घ्यावे हे दुसऱ्याने ठरवणे सहन झाले नाही.

मुंबई बंदरातून जाणाऱ्या हिंदी कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याने काही गिरण्या सुरू झाल्या, पण धागा आखूड आणि त्यात सरकी, पाला, माती. सूत सारखे तुटे, साचा थांबे. मजुरी उक्ती असल्याने दिवसभर राबूनही पगार घटे. त्याच कापसाच्या चढ्या भावाने मुंबईत सट्टा भडकला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला.

१८६३ च्या कायद्याने नगरांना गटारे, रस्ते व उद्याने बांधण्यासाठी बारा लाख पौंडांपर्यंत कर्ज मिळाले. ओल्डहॅमचे अलेक्झांड्रा पार्क त्यातूनच झाले; मात्र गरजूंच्या मानाने काम थोड्यांनाच मिळाले. पैशाचा मूळ पेच वेगळाच होता. प्रत्येक पॅरिश, म्हणजे स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान विभाग, आपल्या गरिबांचा खर्च आपल्याच हद्दीतील मालमत्तेवर पट्टी बसवून भागवत असे. गिरण्या बंद, भाडी थकलेली. मग जिथे गरिबी जास्त तिथेच पट्टी वसूल होईना. १८६५ च्या कायद्याने हा खर्च अनेक पॅरिश मिळून बनलेल्या युनियनवर टाकला.