स्त्रीश्रमाची मोजदाद

स्त्रिया घरात, शेतात, कारखान्यात व स्वतःच्या उद्योगात जे काम करतात, त्याची जनगणना, रोजगार पाहणी, वेळेच्या वापराची पाहणी इत्यादी साधनांनी होणारी नोंद आणि त्या नोंदीच्या पद्धतींची चिकित्सा, असे या अभ्यासविषयाचे स्वरूप आहे. काम आणि उद्योजकता यांतील स्त्री-पुरुष विषमतेवरचे भारतातील संशोधन बऱ्याच अंशी या मोजदादीच्या वादातून वाढले. विषमता किती आहे हे सांगण्याआधी काम कशाला म्हणायचे आणि कामकरी म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हे ठरवावे लागते. हा निर्णय वरकरणी कारकुनी वाटला, तरी पुढची सगळी आकडेवारी त्यावरच उभी राहते.

याचे ठळक उदाहरण १९६१ आणि १९७१ या दोन जनगणनांत सापडते. पहिलीत सुमारे ५.९४ कोटी स्त्रियांची नोंद कामकरी म्हणून झाली होती. दुसरीत हा आकडा ३.१३ कोटींवर आला. भातगिरण्यांमुळे कांडपाचे काम गेले, हातमाग मागे पडला, त्यामुळे या घसरणीचा काही भाग खरा होता. मोठा भाग मात्र व्याख्या बदलल्यामुळे होता. हंगामी कामाच्या बाबतीत १९६१ साली हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम केलेले पुरत असे. १९७१ साली प्रत्येकाला मुख्य काम विचारले गेले आणि दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईच्या नावापुढेही ‘घरकाम’ लिहिले गेले. उत्तर बहुधा घरातला कर्ता पुरुष देत असे, ही गोष्ट यात दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीने (अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार) १९७४ च्या अहवालात स्त्रियांच्या घटत्या सहभागाकडे देशाचे लक्ष वेधले. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे अभ्यासक आणि स्त्री-संघटनांनी आग्रह धरल्यामुळे १९९१ च्या जनगणनेच्या प्रश्नात कुटुंबाच्या शेतावरील वा उद्योगातील बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख आला.

ही अडचण केवळ भारताची नाही. अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये विकासाच्या अर्थशास्त्राला शेतीतल्या स्त्रियांची दखल घ्यायला लावली. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या जुन्या नोंदी तपासून दाखवले, की विवाहितेच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘पत्नी’ एवढेच लिहिण्याच्या रिवाजामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे त्यांचे श्रम फार कमी मोजले गेले होते. त्यांना मिळालेल्या २०२३ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकामागे या कामाचाही वाटा होता.

भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे तिच्या कामाचा संकेतांक टाकतात. स्वतःचा व्यवसाय मजूर न लावता करणाऱ्याला ११, मजूर लावणाऱ्याला १२, घरच्या उद्योगात मोबदल्याविना हातभार लावणाऱ्याला २१ आणि नियमित पगारदाराला ३१ हा अंक मिळतो. केवळ घरकाम करणारीला ९२, आणि घरकामाबरोबर घरापुरते सरपण, रानभाजी वा वैरण गोळा करणारी किंवा घरचे शिवणटिपण करणारी असेल, तर ९३. हे शेवटचे दोन्ही गट श्रमबलाबाहेर, म्हणजे काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्यांच्या गणतीबाहेर, धरले जातात. १९७७-७८ च्या फेरीपासून अशा स्त्रियांना पूरक प्रश्न विचारण्याची प्रथा पडली. परसात भाजी लावता का, कोंबड्या पाळता का, गोवऱ्या थापता का, लांबून पाणी आणता का, असे ते प्रश्न होते. त्यांच्या उत्तरांतून दिसणारा कामाचा डोंगर आणि मुख्य तक्त्यातला रोजगाराचा आकडा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न संशोधक तेव्हापासून करीत आले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम-सांख्यिकी परिषदेने २०१३ मध्ये घरची बिनमोबदला सेवा हेही ‘काम’च आहे असे मान्य केले, मात्र ‘रोजगार’ ही संज्ञा मोबदला वा नफा यांसाठी केलेल्या कामापुरतीच ठेवली.

दुसरी वाट वेळ मोजण्याची होती. देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजस्थान व पश्चिम बंगालमधील सहा खेड्यांत कोण किती वेळ कशात घालवतो, याची पाहणी केली. सरकारी पातळीवर पहिली मोठी पाहणी जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तमिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र तीत नव्हता. घरकाम आणि देखभाल यांवर आठवड्याला स्त्रिया सरासरी ३४.६ तास आणि पुरुष साडेतीन तासांच्या थोडे वर घालवतात, असे त्यात आढळले. देशव्यापी पाहणी व्हायला २०१९ साल उजाडले. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत विभागून सहा वर्षांवरील प्रत्येकाची नोंद घेतली गेली. बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांपुरते पाहिले, तर त्या दिवशी स्त्रीची २९९ मिनिटे त्यात गेली आणि पुरुषाची ९७. मुळात असे घरकाम करणारे पुरुष साधारण चारांत एक होते. एकाच वेळी चुलीवर भाजी आणि कडेवर मूल अशी दोन कामे चालू असतात, तेव्हा त्यांतले एक तक्त्यातून निसटण्याचा धोका याही पद्धतीत राहतो.

स्त्रीचे काम उघड दिसत असूनही हिशेबात पुरुषाच्या नावावर चढते, असा प्रकार महाराष्ट्रात ऊसतोडीत पाहायला मिळतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांच्या हद्दीत हंगामासाठी जाणाऱ्या मजुरांची गणना ‘कोयत्या’ने होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा पुरुषाच्या हाती पडते, तोडणीचा हिशेबही जोडप्याचा एकत्रच होतो. ऊस तोडण्यात, मोळ्या बांधण्यात आणि डोक्यावरून त्या गाडीत भरण्यात बाईचा वाटा असतोच. तरीही तिची वेगळी मजुरी अशी कागदावर उरत नाही. समान वेतनाची कायदेशीर हमी १९७६ पासून असली, तरी जिथे दोघांचे वेतन वेगळे लिहिलेलेच नाही, तिथे तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो. जमिनीचेही तेच. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत, म्हणजे ज्यांच्या नावे शेती कसली जाते त्यांच्यात, स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या.

घरबसल्या होणाऱ्या उत्पादनाचा प्रश्न मारिया मीस यांनी आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासातून पुढे आणला. त्यांनी विणलेला माल परदेशी जात असे, पण त्यांची ओळख रिकाम्या वेळात विणकाम करणाऱ्या गृहिणी अशीच राहिली. व्यापारी मात्र व्यापारी म्हणून गणले गेले. १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभी करणाऱ्या इला भट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात अशा सर्व स्त्रियांना, मोबदला मिळो न मिळो, श्रमिक मानावे अशी भूमिका घेतली.

उद्योजकतेच्या संशोधनात हाच गुंता वेगळ्या रूपात समोर येतो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या वाण्याकडून उधारीवर किराणा उचलीत, महिन्याच्या पगारावर पैसे वसूल करीत आणि राहत्या खोलीतच स्वयंपाक करीत. कच्चा माल, उधारी, ग्राहक, तोटा असे धंद्याचे सगळे घटक तिथे होते. बँकेच्या लेखी मात्र त्या कोणीच नव्हत्या. मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या बाबतीत वर्गीकरण आणखी अवघड होते. केंद्रावरून भिजवलेले पीठ नेऊन घरी पापड लाटणारी सभासद बहीण ही कामगार, घरबसली उत्पादक आणि सहमालक अशी तिन्ही असते.

सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) स्त्रियांच्या मालकीचे सुमारे ८०.५ लाख उद्योग आढळले; एकूण उद्योगांत त्यांचा वाटा १३.७६ टक्के होता. त्यांत काम करणारे १.३४ कोटींच्या आसपास होते, म्हणजे एका उद्योगामागे दोन माणसेही येत नाहीत. अशा व्यवसायांना उद्योजकता म्हणावे, की नोकरी नाही म्हणून पत्करलेला उदरनिर्वाह, यावर मतभेद आहेत. अश्विनी देशपांडे आणि स्मृती शर्मा यांनी लघुउद्योगांच्या गणनेच्या आधारे हाच प्रश्न जात आणि लिंगभाव एकत्र धरून मांडला. स्त्रियांचा एकच गट मानला, तर सुस्थितीतील कुटुंबात प्रतिष्ठेपायी घरी बसवलेली बाई आणि गरजेपायी मजुरीला जाणारी दलित बाई एकाच सरासरीत बुडतात, हा आक्षेप आता सर्वमान्य आहे.

भांडवल दिले की स्त्रियांचे धंदे वाढतील, या समजुतीची परीक्षा श्रीलंकेत झाली. डी मेल, मकेन्झी आणि वुडरफ यांनी लहान व्यावसायिकांना चिठ्ठ्या टाकून अनुदान दिले, तेव्हा पुरुषांचा नफा वाढला आणि स्त्रियांचा सरासरीने वाढला नाही. काहींनी यावरून स्त्रियांच्या कुवतीबद्दल घाईने निष्कर्ष काढले. नंतर रोहिणी पांडे व सहकाऱ्यांनी भारत आणि घाना येथील माहितीबरोबर हीच माहिती पुन्हा तपासली. ज्या घरात बाईचा धंदा हा एकमेव होता, तिथे परतावा पुरुषांच्या तोडीचा निघाला. घरात दुसराही धंदा असेल, तर तिच्या नावाने आलेला पैसा बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्याकडे वळत होता. म्हणजे व्यक्तीऐवजी कुटुंब मोजल्यावर उत्तर बदलले. अहमदाबादेत सेवा बँकेच्या ग्राहकांवर झालेल्या एका प्रयोगात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मैत्रिणीसह बोलावलेल्या स्त्रियांनी, एकट्या आलेल्यांपेक्षा, पुढील महिन्यांत व्यवसायासाठी अधिक कर्ज घेतले. कडक सामाजिक बंधने असलेल्या समाजांतील स्त्रियांत हा फरक विशेष दिसला.

अलीकडचा वाद नियतकालिक श्रमबल पाहणीच्या आकड्यांभोवती आहे. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल-सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. काही अभ्यासक यात ग्रामीण स्त्रियांसाठी खुल्या झालेल्या संधी पाहतात. काहींच्या मते करोनाकाळातील ओढग्रस्तीमुळे त्या शेतीकडे वळल्या. आणि पूर्वी ९२-९३ या घरकामाच्या संकेतांकांत बसणाऱ्या स्त्रियांना आता पाहणी करणारे अधिक बारकाईने विचारतात, असेही एक मत आहे. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारातला आहे, आणि २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणींच्या नावापुढे २१ हा, म्हणजे घरच्या उद्योगातील बिनपगारी मदतनिसाचा, संकेतांक होता.