खिशात मावणारा रॅचेट बिट ड्रायव्हर

खिशात मावणारा रॅचेट बिट ड्रायव्हर : षट्कोनी बिट (स्क्रूच्या खाचेत बसणारा सुटा, बदलता तुकडा) थेट डोक्यात धरणारे, तळहाताएवढे किंवा त्याहूनही आखूड हातहत्यार. उभ्या स्क्रू ड्रायव्हरला वरून शिरायला जागा नसते तिथे हे आडवे धरून स्क्रू, ॲलन बोल्ट (डोक्यात षट्कोनी खाच असलेला) किंवा लहान नट फिरवतात. दांडा एका दिशेने ढकलला की बिट फिरते. उलट आणला की बिट जागच्या जागी राहते आणि दांडा तेवढा टकटक करत परततो. हत्यार दर वेळी काढून पुन्हा बसवावे लागत नाही, हा त्याचा मुख्य उपयोग. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉप, शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांचे) विभाग, दुचाकींची गॅरेज, शेतीपंपांची दुरुस्ती आणि शिलाई मशीनची दुरुस्ती अशा परस्परांशी संबंध नसलेल्या कामांत त्याची गरज सारखीच पडते.

रचना व कार्य : डोक्यात एक दातेरी चक्र बसवलेले असते. चक्राच्या मधोमध षट्कोनी भोक असते आणि त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी. असते. हे माप जगभर रूढ असल्याने एका कंपनीचे बिट दुसऱ्या कंपनीच्या रॅचेटमध्ये चालते. मोबाईल, घड्याळ, चष्मा यांसाठीची 4 मिमी. बिटे मात्र वेगळी. चक्राच्या दातांवर स्प्रिंगने दाबलेला खटका टेकलेला असतो. ढकलण्याच्या दिशेने तो दातात रुतून बसतो आणि सगळा जोर चक्रावर येतो. परतीच्या दिशेने तो दातांवरून घसरत जातो. कसण्याकडून सोडण्याकडे जायचे असेल तर काही नमुन्यांत डोक्यावरची खटकी सरकवतात. आरपार भोक असलेल्या नमुन्यांत बिट काढून रॅचेट उलटा करतात आणि बिट दुसऱ्या बाजूने घालतात. खटकीचा नमुना झटपट चालतो. उलटवण्याच्या नमुन्यात सुटे भाग कमी, त्यामुळे डोके पातळ ठेवता येते.

बिट धरून ठेवायला चुंबक, स्प्रिंगची कडी किंवा बारीक गोळी असते. पालथ्या हाताने काम करताना बिट निसटून इंजिनाच्या खाचेत पडले तर ते शोधण्यातच वेळ जातो, म्हणून ही पकड विकत घेतानाच हाताने ओढून पाहावी. लोखंडाचा कीस उडतो अशा ठिकाणी चुंबकापेक्षा कडी बरी, कारण चुंबकाला चिकटलेला कीस बिट नीट बसू देत नाही.

पूर्वपीठिका : रॅचेट असलेल्या पान्याचे अमेरिकेतील एक जुने पेटंट 1863 चे, व्हरमाँट राज्यातील जे. जे. रिचर्डसन यांच्या नावे आहे. त्यानंतरच्या काळात स्क्रूच्या डोक्यांत बदल होत गेले : षट्कोनी खाचेचा ॲलन स्क्रू 1910 च्या सुमारास, फुलीचा फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात आणि सहा पाकळ्यांचा टॉर्क्स 1967 मध्ये आला. प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर बाळगण्याऐवजी एकच दांडा व बदलती बिटे ही सोय त्यातूनच रुळली.

जागेचा हिशेब : रॅचेटच्या जाहिरातीत दातांची संख्या ठळक छापलेली असते आणि गिऱ्हाईकही तीच विचारते. अडचणीच्या जागेत मात्र पहिला प्रश्न उंचीचा असतो. स्क्रूच्या डोक्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत किती जागा आहे? नेहमीचे बिट 25 मिमी. लांब असते. आरपार भोकाच्या पातळ रॅचेटमध्ये बिटाचा मागचा भाग डोक्यातच मावतो, त्यामुळे एकूण 30 मिमी.च्या आसपास जागा पुरते. तेच बिट पाव इंची चौकोनी टोकाच्या गोटी-रॅचेटवर (गोटी म्हणजे नटावर बसणारे सॉकेट) ॲडॅप्टर लावून वापरले तर डोके, चौकोनी टोक, ॲडॅप्टर आणि बिट एकावर एक चढतात आणि उंची दुपटीच्या घरात जाते. गोटी सेट घरात आहे म्हणून वेगळा बिट रॅचेट कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी ही उंची पट्टीने मोजून पाहावी. बुटक्या स्क्रू ड्रायव्हरलाही मूठ मावेल एवढी, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर जागा लागतेच.

दुसरा प्रश्न दांडा किती हलतो याचा. 360 अंशांना दातांच्या संख्येने भागले की एका दातासाठी लागणारा कोन मिळतो : 24 दातांना 15 अंश, 36 ला 10, 60 ला 6, 72 ला 5. दांडा 90 मिमी. धरला तर 15 अंशांसाठी त्याचे टोक सुमारे 24 मिमी. हलावे लागते, 10 अंशांसाठी 16, 6 अंशांसाठी साडेनऊ आणि 5 अंशांसाठी आठ. 24 वरून 60 दातांवर गेल्याने चौदा मिलिमीटर वाचतात आणि हा फरक कामाचा आहे. 60 वरून 72 वर गेल्याने जेमतेम दीड मिलिमीटर वाचतो. शिवाय बिट आणि भोक, तसेच बिट आणि स्क्रूची खाच यांच्यात थोडी ढिलाई असतेच. ती दोन-चार अंश खाऊन टाकते, म्हणजे 72 दातांचा कागदावरचा फायदा ढिल्या बिटाने सहज नाहीसा होतो. साध्या ॲलन कीला पुन्हा पकड घ्यायला 60 अंश फिरावे लागते. तिच्याशी तुलना केली तर कोणताही बारीक दातांचा रॅचेट कितीतरी पुढे आहे.

यानंतरची गोष्ट फारसे कोणी सांगत नाही आणि हत्याराची खरी परीक्षा तिथेच होते. परतताना खटका दातांवरून घसरतो तेव्हा चक्रही थोडे मागे ओढले जाते. स्क्रू घट्ट असेपर्यंत हे जाणवत नाही. तो सैल झाला की ही ओढ स्क्रूच्या घर्षणापेक्षा जास्त ठरते. मग दांडा पुढे नेला की स्क्रू पुढे, मागे आणला की स्क्रूही मागे. टकटक बंद होते आणि काम तिथेच थांबते. म्हणून परतीची ओढ जितकी कमी तितका रॅचेट चांगला. दुकानात हे तपासायला सोपे आहे : बिट लावून ते दोन बोटांत अगदी हलके धरावे आणि दांडा मागे फिरवावा. बिट बोटांत स्थिर राहिले आणि टकटक ऐकू आली तर घ्यायला हरकत नाही.

डोक्यावर बोटाने फिरवायची खरबरीत चकती का हवी, तेही यातून कळते. एम 4 (4 मिमी. व्यासाच्या) स्क्रूचे आटे 0.7 मिमी. अंतरावर असतात. दहा मिलिमीटर आत गेलेला स्क्रू पूर्ण काढायला चौदा फेरे लागतात. प्रत्येक खेपेला एकच दात, म्हणजे 6 अंश, एवढीच जागा असेल तर एका फेऱ्याला साठ आणि चौदा फेऱ्यांना आठशे चाळीस खेपा होतात. एवढ्या खेपा कोणी घालत नाही. दांड्याने स्क्रूचा ताण मोडायचा आणि उरलेले फेरे चकतीवर बोट ठेवून घ्यायचे, हीच कामाची रीत आहे. चकती नसलेला रॅचेट 72 दातांचा असला तरी अडचणीच्या जागेत अपुराच ठरतो.

दाब व जोर : उभ्या स्क्रू ड्रायव्हरवर मनगटाचा भार सरळ स्क्रूच्या अक्षावर पडतो. आडव्या रॅचेटमध्ये तो पडत नाही. डोक्याच्या मागे अंगठा ठेवून वेगळा दाब द्यावा लागतो. फुलीच्या स्क्रूत बिट वर उचलले जाण्याची प्रवृत्ती मुळातच असते, त्यामुळे अंगठा सैल पडला की बिट उसळते आणि फुली गुळगुळीत होते. ॲलन आणि टॉर्क्स खाचांच्या भिंती उभ्या असल्याने तिथे हा धोका फार कमी. अडचणीच्या जागी नवा स्क्रू बसवायचा असेल आणि निवड हातात असेल, तर ॲलन डोक्याचा घ्यावा. पुढच्या दुरुस्तीला त्याचा उपयोग होतो.

जोराचा अंदाज असा : 90 मिमी. दांड्याच्या टोकाला सुमारे 10 किलो भार दिला तर जवळपास 9 न्यूटन-मीटर पिळा (फिरवण्याचा जोर) पडतो. 8.8 या ताकदीच्या प्रतीच्या एम 4 बोल्टला साधारण 3, एम 5 ला साडेपाच-सहा आणि एम 6 ला दहाच्या आसपास पुरे असतात. म्हणजे एवढ्याशा दांड्यानेही एम 4 चे आटे सहज खराब होतात. उलट, गंजून बसलेला एम 6 सोडवायला तो कमी पडतो. दांड्यावर पाईप चढवून जोर वाढवणे हे बारीक दातांच्या रॅचेटच्या जिवावर बेतणारे काम आहे, कारण दात जितके बारीक तितकी त्यांची उंची कमी आणि जादा जोराने खटका घसरायला वेळ लागत नाही. जाम झालेला स्क्रू आधी तेल सोडून, ठोकून किंवा लांब पान्याने हलवावा आणि मग रॅचेट हातात घ्यावा.

प्रचलित नमुने : जर्मनीतील वुपरटाल येथील वेरा कंपनीचा झिक्लॉप मिनी 1 हा 87 मिमी. लांब, 60 दातांचा, 6 अंशांचा नमुना या वर्गात मापदंड मानण्याजोगा आहे. याच कंपनीच्या टूल-चेक प्लस या संचात बिट रॅचेटबरोबर बिटे आणि छोट्या गोट्या एकाच पट्टीत बसवलेल्या असतात; दुरुस्तीसाठी बाहेर फिरणाऱ्याला हा संच जास्त सोयीचा. ओसाकाच्या व्हेसल या जपानी कंपनीचे पट्टीसारखे चपटे रॅचेट डोक्याच्या पातळपणासाठी नावाजलेले आहेत. तैवानच्या टोपीक कंपनीचे रॅचेट सायकलस्वारांसाठी बनवलेले असून ते पिशवीत सहज मावतात. बाजारात विनानावाचे स्वस्त रॅचेटही भरपूर मिळतात. त्यांतले काही ठीक असतात, पण एकाच खोक्यातले दोन नग सारखे निघतील असे नाही, म्हणून वर सांगितलेली बोटांची चाचणी प्रत्येक नगाला लावावी. त्यांच्याबरोबर येणारी बिटे बहुधा मऊ असतात. पैसे वाचवायचेच असतील तर ते रॅचेटवर वाचवावेत, बिटावर नव्हे.

दांड्यातच बिटे साठवणारे उभे रॅचेट स्क्रू ड्रायव्हर हा निराळा वर्ग आहे. खोल आणि अरुंद भोकात ते उपयोगी पडतात. उंची कमी असेल तिथे त्यांचा काही उपयोग नाही.

कोल्हापुरातील वापर : शिलाई मशीनच्या सुईखालची पाटी दोन चपट्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेली असते. कापड पुढे सरकवणाऱ्या दातऱ्यात साचलेला धागा आणि कापसाची धूळ काढायला ती उघडावी लागते, पण वर सुईचा दांडा आणि मशीनचे डोके आड येते. लांब स्क्रू ड्रायव्हर तिरपा लावला की खाचेची कड मोडते. इथे पातळ रॅचेटमध्ये चपटे बिट घालून, कापड दाबणारे पाऊल काढून ठेवून आणि अंगठ्याने डोके दाबून स्क्रू सरळ सुटतो. खाचेच्या रुंदीएवढेच रुंद बिट निवडले तर स्क्रूवर ओरखडाही उमटत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत ओतीव भागांवर यंत्रकाम करणारे कारखाने आहेत. लेथवर कापणाऱ्या कार्बाइड टिप्स बहुतेक टॉर्क्स स्क्रूने धरलेल्या असतात. बोअरिंग बार (भोक मोठे करणाऱ्या टूलचा दांडा) टरेटमध्ये, म्हणजे टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यात असतानाच टिप बदलायची झाली तर शेजारच्या टूलमुळे सरळ चावीला वाट राहत नाही आणि आडवा रॅचेट उपयोगी पडतो. मात्र टी 15 या मापाच्या टॉर्क्स स्क्रूला साधारण 3 न्यूटन-मीटर पुरतात. म्हणून कसताना दांड्याचे टोक सोडून बोटे डोक्याजवळ धरावीत.

गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू आणि एअर फिल्टरच्या बाजूचा क्लॅम्प ही नेहमीची ठिकाणे. जपानी बनावटीच्या गाड्यांवरील फुलीची खाच फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक ठिपका दिसतो. तिथे जपानी मापाचे बिट वापरले तर उसळणे बरेच कमी होते.

पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांत नदीकाठचे शेतीपंप आणि त्यांचे स्टार्टर पाण्याखाली गेले होते. अशी पेटी उघडल्यावर कॉन्टॅक्टरच्या (मोटारीचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलचे स्क्रू समोरच दिसतात, त्यांना साधा स्क्रू ड्रायव्हर चालतो. अडचण असते ती बाजूच्या पत्र्यावरील अर्थिंगच्या बोल्टची, कारण तो पेटीच्या आतल्या पोकळीकडे तोंड करून असतो. खाचेत गाळ वाळून दगडासारखा बसलेला असतो. तो दाभणाने कोरून काढल्याशिवाय बिट तळापर्यंत टेकत नाही आणि न टेकलेले बिट पहिल्याच झटक्यात खाच खाते. हे रॅचेट संपूर्ण धातूचे असतात. तीन फेजच्या पेटीत 415 व्होल्ट दाब असतो आणि आडवा दांडा दोन टर्मिनलांना एकदम टेकू शकतो. म्हणून पुरवठा खांबावरून किंवा मुख्य स्विचवरून तोडून, टेस्टरने तिन्ही फेज तपासल्याखेरीज हे हत्यार पेटीत घालू नये. चालू पुरवठ्यावरच्या कामाची 1000 व्होल्टपर्यंत इन्सुलेशन असलेली हत्यारे वेगळी असतात.

निगा : फाऊंड्रीतली वाळू हा या हत्याराचा मोठा शत्रू. आरपार भोकातून ती दातांत शिरते, खटका अर्धवट बसतो आणि जोर दिला की घसरतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्प्रिंगही गंजते. डोके रॉकेलमध्ये बुडवून दांडा दोन्ही दिशांना फिरवला की वाळू सुटते. मग कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. जाड ग्रीस भरू नये, कारण त्यात खटका तरंगतो आणि बारीक दातांपर्यंत पोचतच नाही.