चूक किती दिवसांनी कळते?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. पाच जणांनी आठ महिने खपून तयार केलेलं मोबाइल अ‍ॅप त्यांना दाखवायचं होतं. ठिबकचं पाणी आणि खत यांचा हिशेब ठेवणारं. काकांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि पहिल्याच रकान्यापाशी थांबले. तिथे विचारलं होतं, ‘क्षेत्र किती एकर?’

‘भाऊ, माझी साडेसात हजार खोडं आहेत. ती कुठं टाकू?’

केळीपट्ट्यात बाग खोडांवर मोजतात, आणि त्याला कारण आहे. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात सुमारे १७४२ खोडं बसतात, सहा बाय पाचवर केली तर १४५२. एकाच एकरात २९० खोडांचा फरक. खताची मात्रा तर खोडामागे ग्रॅममध्ये ठरते. आम्ही सगळी गणितं एकरावर बेतली होती, म्हणजे पायाच चुकला होता. काकांच्या ओट्यावर ती चूक कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत, पण त्या ओट्यावर पोचायला आम्हाला आठ महिने लागले होते.

त्या दिवसानंतर मी स्क्रम, म्हणजे लहान गटाने छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत, मनापासून समजून घेतलं. त्याआधी ते नोकरीच्या जाहिरातीत वाचलेले शब्द होते. आता मला त्यात एकच प्रश्न दिसतो: चूक झाल्यापासून ती कळेपर्यंत किती दिवस जातात?

नाव रग्बीतलं आहे. तिथल्या स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटा देतात. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ साली होंडा, कॅनन अशा कंपन्यांत नवी उत्पादनं कशी घडतात ते तपासलं. चांगले गट रिले शर्यतीसारखं एकाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती बॅटन देत नाहीत, सगळे मिळून पुढे सरकतात, असं त्यांनी मांडलं. तो धागा पकडून जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये सॉफ्टवेअरच्या कामात पहिला स्क्रम गट चालवला आणि १९९५ मध्ये केन श्वाबर यांच्यासोबत ही पद्धत जाहीरपणे मांडली. अशा लवचीक पद्धतींसाठी ‘अजाइल’ हा शब्द रूढ झाला तो नंतर, २००१ साली, अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जण एकत्र बसले तेव्हा.

यातलं विज्ञान मला रासायनिक कारखान्यांत सापडलं. श्वाबर यांनी ड्यूपाँट कंपनीतल्या प्रक्रिया-नियंत्रण तज्ज्ञांना सॉफ्टवेअर बनवण्याची रीत दाखवली होती. त्यांनी सांगितलं, प्रक्रिया दोन तऱ्हेच्या असतात. काहींत तेच टाकलं की दर वेळी तेच निघतं, तिथे आधी आखलेला आराखडा पुरतो. काहींत इतक्या गोष्टी हलत असतात की पुढचं आधी सांगताच येत नाही. तिथे एकच इलाज, वरचेवर मोजायचं आणि मोजणी सांगेल तसं वळण द्यायचं. सॉफ्टवेअर दुसऱ्या जातीचं आहे, पण लोक ते चालवत होते पहिल्या जातीचं समजून. स्क्रमचे तीन खांब इथूनच आले: काम सगळ्यांना उघड दिसणं, ते तपासणं आणि तपासून बदलणं.

खान्देशातल्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवावं लागत नाही. केळीवर हरण्या रोग येतो, कुकुंबर मोझॅक विषाणूचा. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि रोग लागलेल्या झाडावर औषध नाही. म्हणून जाणता माणूस लागवडीनंतर दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीतून फिरतो. पानावर पिवळ्या रेघा दिसल्या की ते झाड उपटून नष्ट करतो. चार झाडं जातात, बाग वाचते. महिन्याने फिरला तर बागेतली किती झाडं उपटावी लागतील याचा नेम नाही.

स्क्रममध्ये या फेरीचं नाव स्प्रिंट. मुदत जास्तीत जास्त एक महिना, आमची दोन आठवड्यांची. काय काय करायचं त्याची क्रमवार यादी म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग. तिचा क्रम ठरवण्याची जबाबदारी प्रॉडक्ट ओनर या एकाच माणसावर असते, दहा जणांच्या समितीवर नाही, आणि मला हा नियम फार मोलाचा वाटतो. यादीच्या वरच्या भागातलं पेलेल तेवढं काम गट स्वतः उचलतो. किती पेलेल हे साहेबाने सांगायचं नसतं. स्क्रम मास्टर पद्धत नीट पाळली जाते ना ते पाहतो आणि अडथळे दूर व्हावेत यासाठी झटतो. तो मुकादम नव्हे.

गट साधारण दहा जणांचा किंवा त्याहून लहान असावा, असं स्क्रमची मार्गदर्शिका म्हणते. यामागे साधा हिशेब आहे. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात, दहा माणसांत पंचेचाळीस, वीस माणसांत एकशे नव्वद. माणसं चौपट, जोड्या एकोणीस पट. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी लांबतं, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘झालं’ या शब्दाने. आपण मराठीत ‘झालंच आहे, थोडं राहिलंय’ असं सहज म्हणतो. एकाच्या मते कोड लिहिला की झालं, दुसऱ्याच्या मते चाचणी संपली की झालं. स्क्रममध्ये ‘झालं’ची व्याख्या सगळ्यांनी मिळून ठरवून समोर ठेवावी लागते. आमच्या भिंतीवर आता लिहिलं आहे: स्वस्तातल्या फोनवर, वावरात, रेंज नसताना चाललं, तरच झालं. हे लिहिल्यावर पहिल्या स्प्रिंटमध्ये आमची निम्मी कामं ‘झालं’मधून बाहेर पडली. मन खट्टू झालं, पण खरं चित्र पहिल्यांदा दिसलं.

रोजची पंधरा मिनिटांची भेट म्हणजे डेली स्क्रम. पुष्कळ ठिकाणी तिची हजेरी होते, एकेक जण साहेबाकडे तोंड करून काल काय केलं ते सांगतो. ती भेट काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी घ्यायची असते. एका मंगळवारी आमची एक सहकारी म्हणाली, ‘रेंज गेली की भरलेली माहिती उडते, दोन दिवस त्यातच गेले.’ पलीकडचा दचकला. तोही वेगळ्या पानासाठी त्याच दुखण्याशी झगडत होता. दोघं एका टेबलावर बसले आणि दुपारपर्यंत माहिती फोनमध्येच साठवण्याची सोय झाली. ती पंधरा मिनिटं नसती, तर दोघांनी दोन वेगळे इलाज केले असते आणि ते जुळवण्यात आणखी एक आठवडा गेला असता.

स्प्रिंटच्या शेवटी दोन बैठका होतात. रिव्ह्यूमध्ये तयार झालेलं काम ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यापुढे ठेवायचं, रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये गटाने आपल्याच कामाच्या रीतीकडे पाहायचं. दुसरी बैठक लोक आधी गाळतात. मी ती कधी गाळू देत नाही.

सगळ्याच कामाला हे लागू पडतं असं मी म्हणणार नाही. टिश्यूकल्चरचं रोप लावल्यावर घड हाती यायला वर्षभर लागतं, त्याचे दोन आठवड्यांचे तुकडे होत नाहीत. आणि जे काम शंभरदा केलं आहे, ज्यात नवं काही नाही, तिथे आराखडा करून सरळ कामाला लागावं.

आमचा रिव्ह्यू आता दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी रावेरला त्याच ओट्यावर होतो. पहिल्या रकान्यात खोडं आली आहेत. मागच्या खेपेला काकांनी विचारलं, मृगबाग आणि कांदेबाग यांचा हिशेब वेगळा ठेवता येईल का? जूनची लागवड आणि ऑक्टोबरची लागवड आम्ही एकाच खात्यात कोंबली होती. ही चूक नऊ दिवसांपूर्वी केलेली होती. यादीत ती आज सगळ्यात वर आहे.