फोटो पाठवण्याआधी एकदा फरशीवर बसा

तुमच्या घरच्या लाडक्या कुत्र्याचं पेंटिंग आमच्याकडे टाकताय, मनापासून आनंद आहे. साइज, फ्रेम, ऑइल की ॲक्रिलिक हे फोनवर बोलूच, हा कागद फक्त फोटोबद्दल आहे कारण आमचा अर्धा वेळ तिथेच जातो.

होतं काय, तुम्ही उभे, ब्रुनो खाली, तुम्ही हाक मारता, तो मान वर करतो, क्लिक! फोटो गोड येतो, डीपीला मस्त, पण पेंटिंगला उपयोग शून्य. वरून काढला की डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काडीसारखे, त्यात मोबाईल जवळ नेला की नाक अजून फुगतं. छाती केवढी, मान कशी धरतो काहीच कळत नाही, मग अंग आम्ही अंदाजाने काढतो आणि स्केच बघून तुम्ही म्हणता, छान आहे हो पण आमचा नाही वाटत. कसा वाटेल, तो कुठलातरी लॅब्रॅडोर असतो! मग परत फोटो, परत स्केच, आठवडा गेला.

डेव्हिड हॉकनी नावाचा मोठा ब्रिटिश चित्रकार, त्याची स्टॅन्ली आणि बूजी अशी दोन डॅशहाउंड होती. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी त्याने त्यांची चाळीसच्या वर ऑइल पेंटिंग केली, आणि त्यासाठी ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायची घोडी, खाली, कुत्र्यांच्या उंचीला आणली. चित्र काढायला घरभर मोठे कागद टाकून ठेवायचा, कारण ही मंडळी पोझ देत नाहीत, दार वाजलं की उठून पळाली. एवढा मोठा माणूस खाली वाकला तर आपल्याला दोन मिनिटं फरशीवर बसायला काय हरकत आहे? कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या लेव्हलला, जरा लांबून, थोडा झूम करून, बास.

यावर एक प्रश्न हमखास येतो, मग तुम्ही पण समोर बसवून काढा की, फोटो कशाला. अहो, हॉकनीची कुत्री त्याच्याच घरात होती, दिवसभर समोर. लुशियन फ्रॉइड हा दुसरा ब्रिटिश चित्रकार तर समोर बघितल्याशिवाय रंगवायचाच नाही, पण त्याची प्लूटो ही व्हिपेट जातीची कुत्रीसुद्धा घरचीच, आणि चित्रात बहुतेक वेळा पसरून झोपलेली. तुमचा शेरू आमच्याकडे आला की पहिला अर्धा तास टेबलाचे पाय हुंगतो, नंतर दाराकडे बघत बसतो. तो चेहरा तुमच्या घरातला नाहीच. म्हणून फोटोवरून करतो, यात कामचुकारपणा नाही. मात्र फोटोसोबत घरातला एखादा व्हिडिओ पाठवलात तर फार मदत होते, चालतो कसा, कान कधी टवकारतो ते दिसतं. आणि झोपलेले फोटोही पाठवा, लोक ते उगाच वगळतात, कधीकधी तेच पेंटिंग सगळ्यात भारी होतं.

फ्लॅश नको, डोळ्यात हिरवा दिवा लागतो आणि खरा रंग जातो. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात काढा. काळा कुत्रा असेल तर हे जास्तच पाळा, नाहीतर फोटोत नुसता काळा डाग येतो, केस कुठले आणि कान कुठला. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की साइज कमी होते, आणि फिल्टर तर अजिबात नको.

ज्यांचा सोबती आता नाही त्यांना यातलं काही लागू नाही. असेल तो फोटो पाठवा, जुना, अंधुक, वरून काढलेला, कसाही. सोबत सांगा तो कसा होता, आम्ही वेळ घेऊ आणि स्केच तुम्हाला पटेपर्यंत बदलू, त्याचे जादा पैसे नाहीत.

तुमच्यासकट काढून हवं असेल तर तेही करतो. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं असं पोर्ट्रेट केलं, लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, त्यात तो स्वतः चित्रातल्या चित्रात मागे आणि त्याचा ट्रम्प नावाचा पग कुत्रा पुढे ऐटीत बसलाय. आमच्याकडेही साधारण असंच होतं, मालक मागे जातात :)

आणि हो, गळ्यातला पट्टा ठेवायचा की काढायचा ते स्केचच्या वेळीच सांगा. रंग भरून झाल्यावर पट्टा काढायचा म्हणजे गळ्याचे सगळे केस नव्याने रंगवावे लागतात, त्याचे वेगळे पैसे लागतील.